ऑटोकॅडच्या एडिटिंग कमांड: सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, त्याच्याबद्दलचे हे सगळे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत. विचारणारे म्हणजे आयटीआय-पॉलिटेक्निकची पोरं, चिंचोली एमआयडीसीत नवीन लागलेले ड्राफ्ट्समन, आणि इंजिनिअरच्या ऑफिसात बसून घराचे प्लॅन काढणारे. निम्मे मेसेज "सर, कमांड चालेना झालीय" असेच सुरू होतात. कमांड चालूच असते हो, ती खाली कमांड लाईनवर काहीतरी विचारत असते आणि आपण वाचतच नसतो. म्हणून जागोजागी "खाली बघा" असं लिहिलंय, राग मानू नका.

१. आधी कमांड टाकायची का आधी ऑब्जेक्ट सिलेक्ट करायचं? क्लासमध्ये एक सांगतात, यूट्यूबवाला दुसरंच करतोय.

मूव्ह, कॉपी, रोटेट, इरेज यांना दोन्ही चालतं. आधी सिलेक्ट करून एम (मूव्हचं शॉर्ट नाव) टाकलं तर थेट बेस पॉईंट विचारतो. आधी एम टाकलं तर "सिलेक्ट ऑब्जेक्ट्स" म्हणत बसतो, आणि तुम्ही एंटर मारेपर्यंत बसूनच राहतो, कारण तुमचं सिलेक्ट करून झालं का नाही हे त्याला कसं कळणार. नवीन पोरं हमखास इथंच अडकतात. स्पेसबार पण एंटरचंच काम करतो, फक्त टेक्स्ट लिहिताना नाही.

फिलेटला (कोपरा जुळवायची कमांड, प्रश्न ११) मात्र आधी सिलेक्ट केलेलं चालत नाही, तो परत विचारतोच. आणि कुठल्याच कमांडला आधीचं सिलेक्शन लागत नसेल तर पिकफर्स्ट टाकून व्हॅल्यू १ करा.

२. कधी सगळं सिलेक्ट होतंय, कधी अर्धंच. असं का?

माऊस डावीकडून उजवीकडं नेला की निळी खिडकी येते, त्यात जे पूर्ण बसलं तेवढंच सिलेक्ट होतं. उजवीकडून डावीकडं नेला की हिरवी येते, तिला नुसतं शिवलं तरी सिलेक्ट होतं, हिलाच क्रॉसिंग म्हणतात. हा फरक हाताला बसवा, स्ट्रेच तर सगळी यावरच चालते (प्रश्न १३).

बटण दाबून ठेवून ओढलं तर नवीन व्हर्जनमध्ये वेडावाकडा लासो निघतो. तो नको असेल तर क्लिक करा, सोडा, दुसऱ्या कोपऱ्यात क्लिक करा. चुकून जास्तीचं आलं तर शिफ्ट दाबून त्याच्यावर क्लिक केलं की सुटतं. मघाचंच सिलेक्शन परत हवं असेल तर "सिलेक्ट ऑब्जेक्ट्स" चालू असताना पी टाका.

३. दुसरी लाईन सिलेक्ट केली की पहिली सुटतेय, काल तर बरोबर होतं.

कुणीतरी पिकअ‍ॅडची व्हॅल्यू शून्य केलीय, ती २ करा. सायबर कॅफे नाहीतर क्लासच्या पीसीवर हे कायम होतं.

४. एकाच लाईनवर क्लिक केलं तरी शेजारचं सगळं सिलेक्ट होतंय.

तो ब्लॉक असेल नाहीतर ग्रुप असेल, दोन्हींत बऱ्याच लाईनी एकत्र बांधलेल्या असतात. क्लिक करून कंट्रोल वन दाबा, प्रॉपर्टीजमध्ये वरतीच लिहिलेलं असतं काय आहे ते. ग्रुप असेल तर कंट्रोल शिफ्ट ए दाबलं की ग्रुपचं सिलेक्शन बंद होतं, काम झालं की परत दाबून चालू करा. ब्लॉक असेल तर एक्सप्लोड करायच्या आधी प्रश्न १६ वाचा.

५. मूव्ह करताना बेस पॉईंट नेमका कुठं द्यायचा?

ऑब्जेक्टवरच द्यावा लागतो असं काही नाही. बेस पॉईंटपासून दुसऱ्या पॉईंटपर्यंत जेवढं अंतर आणि जी दिशा, तेवढंच ऑब्जेक्ट सरकतं. दरवाजा भिंतीच्या कोपऱ्याला चिकटवायचा असेल तर दरवाज्याचा कोपरा एंडपॉईंट स्नॅपने (लाईनीच्या टोकाला आपोआप चिकटायची सोय) पकडा आणि भिंतीच्या कोपऱ्यावर सोडा, नजरेनं सोडू नका, झूम केलं की फट दिसते. आणि नुसतं ५०० उजवीकडं सरकवायचं असेल तर एफ८ (ऑर्थो, म्हणजे फक्त सरळ आडवं-उभं जातं) चालू करा, कुठंही रिकाम्या जागी क्लिक करा, कर्सर उजवीकडं न्या, ५०० टाकून एंटर.

काही जण @५००,० टाकतात, ते पण बरोबर. डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच आकडे टाकायची सोय) चालू असेल तर दुसरा पॉईंट तसाही रिलेटिव्हच, म्हणजे पहिल्यापासून मोजूनच धरतो, @ टाकला काय नाही टाकला काय.

६. जिन्याच्या पायऱ्यांसाठी कॉपी परत परत मारायची का?

कशाला. सीओ टाका, लाईन सिलेक्ट करा, बेस पॉईंट द्या आणि मग खाली बघा, अ‍ॅरे असा ऑप्शन दिसेल. ए टाका, किती हव्यात तो आकडा टाका, मग एका पायरीचं अंतर द्या. लक्षात ठेवा, आकड्यात मूळची लाईन पण धरलेली असते, म्हणजे १० टाकलं तर नवीन ९ येतात.

कॉपी एकदाच होऊन थांबत असेल तर कॉपीमोड शून्य करा.

७. ९ इंची भिंत ऑफसेट करतोय, पण ९ टाकलं की भिंत कुठल्या कुठं जातेय. नाहीतर दिसतच नाही.

हा प्रश्न ऑफसेटचा (लाईनीची समांतर कॉपी काढायची कमांड) नाही, युनिट्सचा आहे. ऑटोकॅडला इंच-मिलीमीटर काही कळत नाही, त्याला फक्त युनिट कळतं. मिलीमीटरमध्ये प्लॅन काढला असेल तर ९ म्हणजे ९ मिलीमीटर, दिसणार कशी भिंत? तिथं ९ इंची भिंतीला २३० टाका, साडेचार इंचीला ११५. उलट मीटरमध्ये काढलेल्या ड्रॉइंगमध्ये ९ टाकलं की ९ मीटर, म्हणजे शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये.

आपल्याकडं मिस्त्री फूट-इंचात बोलतो आणि मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये लागतो, त्यामुळं एकाच ऑफिसात दोन्ही प्रकारच्या फायली असतात. फाईल उघडली की आधी एखाद्या दरवाज्याची रुंदी डीआय (अंतर मोजायची कमांड) टाकून मोजा. ९०० आलं तर मिलीमीटर, ०.९ आलं तर मीटर, ३६ आलं तर इंच, ३ आलं तर कुणीतरी फुटाला एक युनिट धरून काढलंय.

फूट-इंचात काम करायचं असेल तर युनिट्स कमांडमध्ये टाईप आर्किटेक्चरल ठेवा, मग १०'६" असं टाकता येतं. डेसिमल असताना फुटाची खूण टाकली तर तो घेतच नाही. अजून एक फसवं आहे: आर्किटेक्चरलमध्ये नुसतं १० टाकलं तर १० इंच होतात, १० फूट नाही. दहा फुटाची खोली दहा इंचाची झाली म्हणून फोटो पाठवणारे बरेच जण आहेत.

८. बाहेरची भिंत ऑफसेट केली पण कोपरे जुळत नाहीत.

सुट्ट्या लाईनीनं काढली असेल तर प्रत्येक लाईन एकटी सरकते, कोपरे उघडे राहणारच. आधी जे (जॉईनचं इंग्रजी अक्षर) टाकून चारही लाईनी जॉईन करा, पॉलीलाईन (एकसंध जोडलेली लाईन) झाली की एका ऑफसेटमध्ये कोपऱ्यासकट सगळं येतं. आता काढूनच झालं असेल तर प्रश्न ११ मधलं शून्य रेडियसचं फिलेट मारा. आणि टेक्स्ट किंवा ब्लॉक ऑफसेट होत नाही, ते करायला जाऊ नका.

९. मिरर केल्यावर अक्षरं उलटी येताहेत.

सिस्टीम व्हेरिएबल आहे, स्पेलिंग एम आय आर आर टी ई एक्स टी, मध्ये ओ नाही, त्यामुळं लोक मिररचं पूर्ण स्पेलिंग टाकतात आणि सापडत नाही म्हणतात. व्हॅल्यू शून्य करा आणि मिरर परत मारा, आधी उलटं झालेलं आपोआप सुलट होत नाही.

तरी उलटंच येत असेल तर ते टेक्स्ट ब्लॉकच्या आतलं आहे, ब्लॉकमधल्या साध्या टेक्स्टवर या व्हेरिएबलचा काही परिणाम नाही. रो हाऊसच्या कामात हे फार येतं, एक घर काढून शेजारचं मिरर करायचं असतं आणि कुणीतरी पूर्ण घराचाच ब्लॉक केलेला असतो. खोल्यांची नावं ब्लॉकच्या बाहेर ठेवा. आणि नॉर्थचा बाण मिररच्या सिलेक्शनमध्ये आला नाही ना तेवढं बघा, उत्तर दिशा दोन घरांना वेगवेगळी नसते.

१०. ट्रिम पहिल्यासारखी चालत नाही. टीआर, एंटर, एंटर केलं की कमांडच बंद होते.

२०२१ व्हर्जनपासून ट्रिम आणि एक्सटेंड दोन्ही क्विक मोडमध्ये येतात. आता टीआर एंटर केल्यावर थेट जो तुकडा नको त्याच्यावर क्लिक करायचं, सगळ्या लाईनी आपोआप कटिंग एज (जिथपर्यंत कापायचं ती कड) धरल्या जातात. जुन्या सवयीनं दुसरा एंटर मारला की त्याला वाटतं तुमचं झालं. जुनी पद्धतच हवी असेल तर ट्रिमएक्सटेंडमोड शून्य करा. मला विचाराल तर नवीनच शिका, पण क्लासच्या नोट्स आणि परीक्षा जुन्या पद्धतीनं असेल तर परीक्षेपुरतं शून्य ठेवा.

क्विक मोडमध्ये एक धोका आहे, ज्या लाईनीला कुणीच छेदत नाही तिच्यावर क्लिक केलं तर ती अख्खी उडते. ट्रिम चालू असताना शिफ्ट दाबून क्लिक केलं की एक्सटेंड होतं, ईएक्स वेगळं टाकायची गरज नाही.

तरी ट्रिम होत नसेल तर हे बघा: लाईन ब्लॉकमधली आहे का (ब्लॉक कापायला कटिंग एज म्हणून चालतो, पण तो स्वतः कापला जात नाही), लेयर लॉक आहे का, आणि दोन्ही लाईनी खरंच भेटताहेत का. लांबून भेटल्यासारखं दिसतं, झूम केल्यावर मध्ये केसाएवढी फट निघते. काय अडलंय ते बऱ्याचदा खाली लिहून पण येतं.

११. दोन भिंतींचा कोपरा जुळवायला ट्रिम वापरू का एक्सटेंड?

दोन्ही नको, फिलेट. एफ टाका, पहिली लाईन निवडा आणि शिफ्ट दाबून दुसरी निवडा. रेडियस काहीही सेट असला तरी शिफ्टमुळं तो शून्य धरला जातो आणि जास्तीचं कापून, कमी पडलेलं वाढवून चोख कोपरा येतो. क्लिक करताना जो भाग ठेवायचाय त्या बाजूला करा, उलट्या बाजूला केलं तर उलटाच कोपरा राहतो.

गोलाई द्यायची असेल तर आधी आर टाकून रेडियस द्या. पॉलीलाईनचे सगळे कोपरे एकदम हवे असतील तर पी. समांतर लाईनींना फिलेट मारलं तर रेडियस न विचारता अर्धवर्तुळ येतं, मशीनचे स्लॉट काढायला हे लई भारी. चॅम्फरचं पण असंच आहे, फक्त गोलाईऐवजी तिरका काप येतो.

१२. जॉईन होईना झालंय, फिलेट पण नाही म्हणतंय. लाईनी तर एकमेकीला चिकटलेल्या दिसताहेत.

वरून चिकटलेल्या दिसतात, पण एक जमिनीवर आणि दुसरी हवेत असते. टोटल स्टेशनचा (जमीन मोजायचं यंत्र) सर्व्हे नाहीतर दुसऱ्याकडून आलेल्या फायलीत लाईनींना झेड व्हॅल्यू असते. कंट्रोल वन उघडा, स्टार्ट झेड आणि एंड झेड बघा. सगळ्या लाईनी सिलेक्ट करून दोन्हीत शून्य टाकलं की निम्मी भांडणं मिटतात. पण सर्व्हेच्या मूळ फाईलवर हे करू नका, लेव्हल त्याच्यातच असतात, कॉपी करून घ्या.

झेड शून्य असूनही होत नसेल तर मध्ये बारीक फट असणार. पीई (पॉलीलाईन एडिट) टाका, एम (मल्टिपल) टाकून सगळ्या लाईनी निवडा, पॉलीलाईन करू का विचारेल त्याला हो म्हणा, मग जे टाका, मग तो फझ डिस्टन्स (केवढी फट जोडायची ते) मागतो. फटीपेक्षा थोडा जास्त आकडा द्या. फार मोठा दिलात तर नको ती टोकं पण ओढून जोडतो.

१३. खोली १० फुटाची १२ फूट करायचीय, स्ट्रेच मारलं तर अख्खी खोलीच सरकली.

तुम्ही निळ्या खिडकीनं घेतलं असणार, नाहीतर हिरवीत पूर्ण खोली घेतली असणार. स्ट्रेचचा नियम असा की क्रॉसिंगमध्ये जे टोक आलं ते सरकतं, जे बाहेर राहिलं ते जागेवर राहतं, आणि जे पूर्ण आत आलं ते सगळंच सरकतं. म्हणून उजवी भिंत सरकवायची तर हिरवी खिडकी फक्त उजव्या बाजूवरून घ्या, वरच्या आणि खालच्या भिंतीची उजवी टोकं आत यायला हवीत, डावी बाहेर. मग एफ८ चालू, कुठंही क्लिक, कर्सर उजवीकडं, २' टाकून एंटर. मिलीमीटरमध्ये असाल तर ६१०.

उजव्या भिंतीतला दरवाजा-खिडकी ब्लॉक असेल तर त्याचा इन्सर्शन पॉईंट आत आला तर तो सोबत जातो, नाही आला तर तिथंच लटकतो आणि भिंत पुढं निघून जाते. वर्तुळाचं पण तसंच, सेंटर आत असेल तर सरकतं, ताणून अंडाकृती होत नाही. डायमेन्शनची टोकं आत घ्यायला विसरू नका, म्हणजे आकडा आपोआप बदलतो. बदलला नाही तर प्रश्न १८.

१४. मोजणीच्या नकाशाचा फोटो टाकलाय, तो खऱ्या मापात कसा आणायचा?

स्केलमधला रेफरन्स ऑप्शन. किती पट करायचं याचा हिशोब करत बसू नका. नकाशावरची माप माहीत असलेली एक बाजू शोधा, समजा प्लॉटची ४० फुटाची. एससी टाका, फोटो सिलेक्ट करा, एंटर, त्या बाजूच्या एका टोकाला बेस पॉईंट द्या, आर टाका, मग त्याच बाजूच्या दोन टोकांवर क्लिक करा आणि नवीन लांबी ४०' टाका.

मग लगेच दुसऱ्या दिशेची बाजू मोजा. ती जुळली नाही तर फोटो तिरका काढलेला आहे, मोबाईल थोडा कलला की एक बाजू आखूड होते आणि स्केलनं ते सुधारत नाही. सरळ स्कॅन करून घ्या, पाच-दहा रुपयाचं काम आहे. तिरक्या फोटोवरून काढलेल्या प्लॅनवर मी तरी मार्जिन (घराभोवतीची मोकळी जागा) सोडणार नाही.

युनिट बदलायला पण हाच ऑप्शन. मिलीमीटरचं ड्रॉइंग इंचात आणायचं तर आर टाकून पहिला आकडा २५.४, दुसरा १. फक्त रुंदी वाढवायची आणि उंची तशीच ठेवायची हे मात्र स्केलनं होत नाही, तिथं ब्लॉक करून प्रॉपर्टीजमध्ये एक्स स्केल बदलावा लागतो.

तिरका प्लॉट सरळ करायला रोटेटमध्ये पण असाच रेफरन्स आहे: आरओ, कोपऱ्यात बेस पॉईंट, आर, तिरक्या बाजूची दोन टोकं, मग शून्य. साध्या रोटेटमध्ये प्लस अँगल घड्याळाच्या उलट्या दिशेनं जातो, म्हणून ९० टाकल्यावर "उलटं फिरलं" असं वाटतं, तेव्हा -९० टाका.

१५. लूमच्या शेडचा लेआऊट करायचाय, अ‍ॅरेत मशीन एकमेकांवर चढताहेत.

स्पेसिंग म्हणजे दोन मशीनमधली मोकळी जागा नाही. एका मशीनच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर आहे ते. समजा मशीन ८ फूट रुंद आणि मधली गल्ली ३ फूट, तर ११ फूट टाकायचे, ३ नाही. शेडच्या कॉलमला पण तेच, सेंटर टू सेंटर. फ्लँजचे बोल्टचे होल असतील तर पोलर (गोलात मांडणारा प्रकार) घ्या, सेंटर द्या, आकड्यात पहिलं होल धरलेलंच असतं.

अ‍ॅरे झाल्यावर एखादंच मशीन ट्रिम होत नाही, कारण २०१२ व्हर्जनपासून पूर्ण अ‍ॅरे एकच ऑब्जेक्ट असतो. त्याचा फायदा म्हणजे मालकानं "अजून एक लाईन बसव" म्हटलं की फक्त आकडा बदलायचा. सुटंसुटं हवं असेल तर अ‍ॅरे करतानाच असोसिएटिव्हला नाही म्हणा. जुनी डायलॉग बॉक्सवाली खिडकी आवडत असेल तर अ‍ॅरेक्लासिक टाका.

१६. काहीच एडिट होत नसेल तर एक्सप्लोड मारलं तर चालतं ना?

चालतं, पण सवय वाईट आहे. डायमेन्शन एक्सप्लोड केलं की ते नुसत्या लाईनी आणि टेक्स्ट होतं, भिंत सरकली तरी आकडा तोच राहतो. पॉलीलाईनची जाडी जाते. हॅचच्या (आत भरलेल्या रेघांच्या पॅटर्नच्या) शेकडो सुट्ट्या लाईनी होतात आणि मग त्या एकेक पुसत बसा. अ‍ॅट्रिब्यूटवाला ब्लॉक फोडला की आतला मजकूर जाऊन नुसती टॅगची नावं उरतात, तिथं बर्स्ट वापरा, ती एक्सप्रेस टूल्समध्ये आहे.

ब्लॉक एडिट करायला डबल क्लिक करा, ब्लॉक एडिटर उघडतो, आत बदल केला की ड्रॉइंगमधले त्या नावाचे सगळे ब्लॉक बदलतात. एकच बदलायचा असेल तर तेवढाच एक फोडा.

१७. चुकून इरेज केलं, नंतर बरंच काम झालं, आता अनडू केलं तर ते पण जाईल.

ऊप्स टाका, ओ ओ पी एस. शेवटचं इरेज केलेलं परत येतं आणि नंतरचं काम तसंच राहतं. फक्त शेवटच्याच इरेजचं येतं, त्याच्या आधीचं नाही.

लाईट गेली आणि सेव्ह नव्हतं असं असेल तर ऑटोकॅड परत उघडल्यावर ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर येतो, त्यात ऑटोसेव्हची फाईल असते. ऑटोसेव्ह मूळ सेटिंगला १० मिनिटांचा असतो, सेव्हटाईम टाकून ५ करा, उन्हाळ्यात तर कराच.

१८. भिंत सरकवली पण डायमेन्शनचा आकडा बदलला नाही.

तीन शक्यता. डायमेन्शन एक्सप्लोड झालंय (प्रश्न १६). किंवा ते भिंतीशी जोडलेलं नाही आणि स्ट्रेचमध्ये पण आलं नाही. तिसरी शक्यता जास्त वाईट, कुणीतरी आकडा हातानं टाईप केलाय. प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराईड बघा, तिथं काही लिहिलेलं असेल तर पुसून टाका, खरं माप येतं. खरं माप बघून प्लॅन बिघडला असं म्हणू नका, तो आधीच तसा होता. साईटवर मिस्त्री आकडा वाचतो, लाईन मोजत नाही.

१९. गेटच्या जाळीची फाईल लेझर कटिंगला दिली, तो म्हणतो लाईन डबल आहे. मला तर एकच दिसतेय.

एकावर एक बसलेल्या लाईनी डोळ्यांना एकच दिसतात, मशीन मात्र दोनदा कापतं, वेळ दुप्पट आणि कड जळते. कॉपी मारून शून्य अंतरावर सोडलं की असं होतं, आणि जाळीच्या डिझाईनमध्ये मिरर करताना मधली लाईन हमखास डबल होते.

ओव्हरकिल टाका, सगळं सिलेक्ट करा, एंटर. डायलॉगमध्ये टॉलरन्स असतो, तो मोठा करू नका, बारीक नक्षीतल्या जवळजवळच्या लाईनी पण एकच समजून उडवेल. किती डुप्लिकेट काढल्या ते खाली लिहून येतं, ते वाचा. एकही काढली नाही असं आलं तर दोन लाईनी वेगवेगळ्या लेयरवर नाहीतर वेगळ्या कलरच्या आहेत, ओव्हरकिल त्यांना एक धरत नाही. डायलॉगमध्येच लेयर आणि कलरकडं दुर्लक्ष करायचे चौकोन आहेत, त्यांच्यावर टिक करा आणि परत चालवा. मग कटिंगवाल्याला फाईल पाठवा, आणि ती मिलीमीटरमध्ये आहे का ते प्रश्न ७ प्रमाणे मोजून मगच पाठवा.